शुगरच्या पेशंटला कुठलं न्यूट्रिशन डायग्नोसिस लिहायचं? एक केस, तीन पर्याय

इंटर्नशिपला आलेल्या मुली दर बॅचला हेच विचारतात, म्हणून एकच केस धरून सांगते. न्यूट्रिशन डायग्नोसिस म्हणजे आहारतज्ज्ञाने पेशंटची आहाराशी निगडित अडचण नेमकं नाव देऊन लिहायची. ४८ वर्षांचे काका, डोंबिवलीहून अंधेरीला रात्रपाळीला येतात, वॉचमन आहेत, एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारी टेस्ट) ८.६. रिकॉल घेतला, म्हणजे काय काय खाल्लं-प्यायलं ते आठवून सांगायला लावलं, तर रात्रीत टपरीचा ६ कप चहा, कपाला दोन चमचे, म्हणजे नुसत्या चहातून साधारण ६० ग्रॅम साखर. डब्ल्यूएचओची मर्यादा २००० कॅलरीला ५० ग्रॅमची आहे, म्हणजे बाकी काही न खाताच ती ओलांडली.

क्लिनिकल गटातून, म्हणजे शरीराच्या स्थितीवरून, लिहिलं तर ओळ अशी होते: लॅब व्हॅल्यू बिघडलेली, कारण डायबेटिस, पुरावा एचबीएवनसी ८.६. खोटं काही नाही, पण पीईएसमध्ये (अडचण, कारण, पुरावा अशी डायग्नोसिसची ओळ) कारणाच्या जागी आपण ज्याला हात घालू शकतो ते हवं, आणि डायबेटिस काही आपण काढून टाकणार नाही. शिवाय एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब दाखवतो, मग पंधरा दिवसांनी काका परत आले की मोजणार काय?

दुसरा पर्याय ‘आहाराची माहिती कमी’. हा मुली डोळे झाकून लिहितात कारण मग समुपदेशन केलं की झालं. पण काका स्वतःच म्हणाले, "मॅडम, साखर नको हे मला पाठ आहे हो, पण दोन वाजले की डोळे मिटायला लागतात, मग चहाच लागतो." त्यांना परत साखरेवर लेक्चर द्यायचं? डायलिसिस नुकतं सुरू झालंय आणि पोटॅशियम हा शब्दच पहिल्यांदा ऐकतोय अशा पेशंटला हे डायग्नोसिस अगदी बरोबर बसतं, काकांना नाही.

मी इनटेकचं, म्हणजे खाण्यापिण्याच्या प्रमाणाचं, लिहीन: साखरेचं सेवन जास्त, कारण रात्रपाळीत जागं राहायला सारखा चहा, पुरावा रिकॉलमधले ६ कप, १२ चमचे. आता कारणावर काम करता येतं, कपात एकच चमचा, दोन चहांच्या जागी डब्यात भाजलेले चणे, आणि पुढच्या वेळी सरळ चमचे मोजायचे. एचबीएवनसी पुराव्यात जोडीला ठेवाच, तीन महिन्यांनी तोही बघायचाय.

इनटेक नेहमीच पहिलं असंही नाही हं. स्ट्रोकनंतर गिळता येत नसेल तर जेवण कमी जातं ते गिळण्यामुळेच, तिथे क्लिनिकलच लिहा.