डोंबिवली की घोडबंदर: २ बीएचके भाड्याने घेताना

धाकट्या बहिणीचं घर शोधणं चालू आहे. माणसं पाच, सासूबाईंचे गुडघे दुखतात, मुलगी पहिलीत जाणार, नवऱ्याचं ऑफिस दादरला. फिरून फिरून दोन घरं उरली होती, डोंबिवली पूर्वेला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर जुन्या सोसायटीत एक आणि ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीत मोठ्या कॉम्प्लेक्समधे दुसरं. मी दोन्हीकडे राहिलेय, म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय.

आधी प्रवास, कारण रोजचा जीव त्यातच जातो. सीएसएमटीपासून ठाणे ३४ किलोमीटर आणि डोंबिवली ४८, त्यामुळे ब्रोकर सांगणारच की ठाणं जवळ पडतं. पण कासारवडवली म्हणजे ठाणे स्टेशन नाही हो, मधे दहाएक किलोमीटरचा रस्ता आहे, आणि माजिवडा-कापूरबावडीला गाड्या अडकल्या की बसमधे बसून नुसतं घड्याळ बघायचं, संध्याकाळी परत येताना स्टेशनबाहेर रिक्षाची लाइन वेगळीच. कासारवडवलीपर्यंतची मेट्रो ४ पूर्ण सुरू झाली की फरक पडेल, पण भाडं आपण येत्या ११ महिन्यांचं भरतोय. डोंबिवलीत घरातून निघालं की चालत प्लॅटफॉर्मवर, फास्ट लोकल थांबते, काही गाड्या तिथूनच सुटतात. गर्दी मात्र भयानक आहे, सकाळी आठच्या फास्टला दारात लटकणारी माणसं बघून मला आजही धडकी भरते. बहिणीच्या नवऱ्याला मी स्पष्ट सांगितलंय, अर्धा तास लवकर निघ पण डोंबिवलीहून सुटणारीच गाडी पकड.

घर म्हणून बघितलं तर घोडबंदर सरस. दोन लिफ्ट, खाली मुलांना खेळायला जागा, गाडीला पार्किंग. पण पाण्याचं नीट विचारा. आमच्या कॉम्प्लेक्समधे मे महिन्यात टँकरवरच सगळं चालायचं, पहाटे पंपाच्या आवाजाने जाग यायची आणि तरी दुपारी नळ कोरडा. डोंबिवलीत पाणी ठरल्या वेळी यायचं, तेवढ्यात पिंप भरून ठेवायची सवय लागते. तिथलं खरं दुखणं जिना. आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो, लिफ्ट नाही, आई भाजीची पिशवी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ठेवून पायरीवरच बसायची आणि मी वरून हाक मारली की म्हणायची, येते गं, थांब जरा. जुन्या बिल्डिंगमधे भिंतींची ओलही बघा, नवीन रंग दिलेला असेल तर कपाटामागे हात लावून बघा.

बाकी शाळा, डॉक्टर, किराणा सगळं डोंबिवलीत हाकेच्या अंतरावर, सासूबाईंना एकट्याने गणपती मंदिरात जाता येतं. माझ्या मते म्हाताऱ्या माणसाला हे फार लागतं, कॉम्प्लेक्समधे सासूबाई दिवसभर खिडकीत बसतील.

अॅग्रीमेंटचं दोन्हीकडे सारखंच. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, रजिस्टर करायलाच हवा, कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे, नोटरीवर भागवू नका. समजा भाडं २५ हजार, डिपॉझिट १ लाख, तर ११ महिन्यांना स्टॅम्प ड्युटी साधारण ७१० रुपये आणि शहरात नोंदणी फी १००० रुपये, एवढ्यासाठी कशाला रिस्क घ्यायची. सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी लावते ते) कोण भरणार तेही आधीच लिहून घ्या, नाहीतर दोन महिन्यांनी ते आपल्या गळ्यात येतात.

ऑफिस वागळे इस्टेटला किंवा बोरिवलीकडे असेल, घरची गाडी असेल, तर मी घोडबंदरच सांगितलं असतं. बहिणीला मात्र डोंबिवली सांगितलंय, पण पहिला मजला मिळाला तरच. आत्ताचं घर तिसऱ्यावर आहे, म्हणून ते सोडून दिलं. रविवारी आणखी दोन घरं बघायला जातोय, या वेळी सासूबाईंना सोबत घेऊन.