ट्यूब की ट्यूबलेस? बेळगावच्या रस्त्यांसाठी

अ‍ॅडव्हेंचर बाइक (खडबडीत वाटांवरही चालणारी मोटरसायकल) घेताना पुष्कळजण इथेच अडतात: तारांचं ट्यूबवालं चाक, की अलॉयचं ट्यूबलेस?

पंक्चरच्या बाबतीत ट्यूबलेसला तोड नाही. खिळा उपसायचा, भोक कानशीने साफ करायचं, सोल्यूशन लावलेली रबरी पट्टी खुपसायची, वर ३-४ मिमी ठेवून कापायची, हवा भरायची. दहा-पंधरा मिनिटं, चाक न काढता. ट्यूबला मात्र अॅक्सल सोडवा, टायरचा काठ रिमवरून दाबून सोडवा, दोन-तीन लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या) लावा. परत बसवताना तोच लिव्हर नव्या ट्यूबला चावतो, नवशिक्यांचं निम्मं दुखणं हेच. शिवाय सुटी ट्यूब जवळ हवी. पुढच्या चाकाची २१ इंची ठेवली तर अडचणीत मागच्या १८ इंची चाकातही भागते.

दणक्याचं गणित उलटं. जांबोटी-कणकुंबीकडून चोर्ल्याला पावसाळ्यात जाताना पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. तारांची रिम वाकते, पण तारा ओढून बरीचशी सरळ होते, आणि काठ चेपला तरी ट्यूब हवा धरते. अलॉयचा काठ वाकला की हवा गळते, तडा गेला तर चाकच बदला. टायरची बाजू फाटली तर पट्टी टिकत नाही. ट्यूबमध्ये हवा कमी ठेवलीत तर दगडावर ती रिमखाली चिमटते आणि दोन भोकं ठरलेलीच.

तारांचा ताण अधूनमधून तपासावा लागतो, एवढी जास्तीची कटकट.

सौंदत्ती-गोकाककडे बाभळीचे काटे, लांबचं डांबर, एकटा प्रवास: ट्यूबलेस. खानापूरच्या जांभ्या वाटा आणि हाताला ट्यूब बदलायची सवय: तारांचं चाक.