सिंक्रोनाइज्ड कार्डिओव्हर्जन आणि डीफिब्रिलेशन: कोणता शॉक कधी?

दोन्हींत हृदयाची बिघडलेली लय विजेच्या शॉकने सुधारतात. मशीन एकच, छातीवरचे पॅडही तेच. फरक आहे तो वेळेचा. कार्डिओव्हर्जन नाडी असलेल्यासाठी. त्यात 'सिंक' (शॉक ठोक्याशी जुळवणारे बटण) दाबल्यावर मॉनिटरवर ईसीजीच्या प्रत्येक आर-लाटेवर (ठोक्याच्या उंच टोकावर) खूण दिसते आणि मशीन त्याच क्षणी शॉक देते. तो टी-लाटेवर (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज होतानाच्या लाटेवर) पडला, तर नाडी असलेल्या रुग्णाला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (हृदयाच्या खालच्या कप्प्यांची नुसती थरथर) होऊ शकते. म्हणून खुणा टी-लाटेवर तर उमटत नाहीत ना, हे आधी पाहावेच; उमटत असतील तर लीड (मॉनिटरवर निवडलेली ईसीजीची बाजू) बदलावी. शॉकचे बटण शॉक सुटेपर्यंत दाबून धरावे. रुग्ण शुद्धीत असेल तर आधी गुंगीचे औषध हवे. बायफेजिक (दोन्ही दिशांनी प्रवाह सोडणाऱ्या) मशीनवर एट्रियल फ्लटरला (वरच्या कप्प्यांची जलद पण नियमित लय) सहसा ५०-१०० ज्यूल पुरतात; एट्रियल फिब्रिलेशनला (वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) पूर्वी १२०-२०० सांगत, आता पहिलाच शॉक किमान २०० चा सुचवतात. हे फिब्रिलेशन ४८ तासांहून जुने असेल आणि रुग्ण स्थिर असेल, तर आधी किमान तीन आठवडे रक्त पातळ करणारे औषध द्यावे किंवा अन्ननलिकेतून इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदयात गुठळी नाही याची खात्री करावी.

डीफिब्रिलेशन नाडी नसलेल्यासाठी. इथे सिंक बंदच हवे: व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये आर-लाटच नसते, मशीन तिची वाट पाहत राहते आणि मोलाचे सेकंद जातात. शॉकनंतर नाडी न शोधता लगेच दोन मिनिटे सीपीआर (छाती दाबणे व श्वास देणे).

बऱ्याच मशीनवर प्रत्येक शॉकनंतर सिंक आपोआप बंद होते. दुसऱ्या कार्डिओव्हर्जनआधी ते पुन्हा दाबावे.