स्वतः आखलेला व्यायाम आणि त्याची वही: दोन सेमिस्टरनंतरचा अनुभव

कॉलेजच्या टाइमटेबलमध्ये बसेल असा व्यायामाचा कार्यक्रम स्वतः आखायचा, त्याची नोंद ठेवायची आणि त्या नोंदी पाहून पुढचा आठवडा ठरवायचा, हे मी दोन सेमिस्टर करते आहे. तयार पॅकेज नाही, पैसे भरून घेतलेलं अ‍ॅप नाही. एक वही, फोनमधलं स्टॉपवॉच आणि आठवड्याच्या शेवटी स्प्रेडशीटमध्ये भरायच्या मोजक्या ओळी, एवढंच साहित्य. निकाल आधीच सांगते: नव्याने सुरुवात करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी याहून चांगली सोय मला दिसत नाही. अट एकच. वहीतल्या प्रत्येक रकान्याने पुढच्या आठवड्याबद्दल काहीतरी ठरवायला मदत केली पाहिजे. जो रकाना काहीच ठरवत नाही, तो कितीही शास्त्रीय वाटला तरी काढून टाकायचा.

आखणी करताना मी आधी किमान किती हवं ते पाहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनांनुसार १८ ते ६४ वयाच्या प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम करावा, शिवाय किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंसाठी ताकदीचा व्यायाम करावा. हे आकडे विद्यार्थ्याला झेपणारे आहेत. १५० मिनिटं म्हणजे अर्ध्या तासाचे पाच तुकडे, आणि भरभर चालणंही त्यात धरलं जातं. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम लागला की मध्यम तीव्रता गाठली असं समजायचं. त्याला कुठलंही यंत्र लागत नाही.

मग टाइमटेबल समोर घेतलं. इथे घेतलेला एक निर्णय सगळ्यात जास्त उपयोगी पडला: व्यायामाची वेळ घड्याळाला न बांधता लेक्चरला बांधली. ‘रोज पहाटे सहा’ हे रात्रभर असाइनमेंट लिहिणाऱ्या माणसाकडून टिकत नाही. ‘या तीन दिवशी शेवटचं लेक्चर संपलं की थेट व्यायाम, खोलीवर जायचं नाही’ हे टिकतं. त्या तिन्ही दिवशी संपूर्ण शरीराचा व्यायाम: एक स्क्वॉटचा म्हणजे उठाबशीसारखा प्रकार, एक ढकलण्याचा, एक ओढण्याचा आणि एक कमरेतून वाकून उचलण्याचा. आज छाती, उद्या पाठ, परवा पाय अशी वाटणी इंटरनेटवर फार दिसते. पण विद्यार्थ्याचा एक दिवस अचानक बुडतोच, आणि त्या वाटणीत बुडालेल्या दिवसाचा भाग थेट पुढच्या आठवड्यापर्यंत थांबतो. संपूर्ण शरीराच्या आखणीत एक दिवस गेला तरी बाकीचे दोन दिवस सगळं सांभाळून घेतात.

वजन कधी वाढवायचं याचा नियमही पहिल्याच पानावर लिहिला. प्रत्येक व्यायामाचे तीन सेट, म्हणजे न थांबता केलेल्या तीन फेऱ्या, आणि प्रत्येक सेटमध्ये ८ ते १२ रेप्स, म्हणजे तीच हालचाल तितक्या वेळा. तिन्ही सेटमध्ये १२ झाले की पुढच्या वेळी शक्य तितकं कमी वजन वाढवायचं, साधारण अडीच किलो, आणि पुन्हा ८ पासून चढायचं. या कल्पनेमागे मोठा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या स्नायूंना टप्प्याटप्प्याने वाढत्या ओझ्याचा व्यायाम दिला आणि १९४५मध्ये त्याबद्दल लिहिलं. मला त्यातली आवडणारी गोष्ट ही, की आज किती उचलायचं हे आजच्या उत्साहावर सोडावं लागत नाही. मागचं पान उघडलं की उत्तर मिळतं.

पहिल्या काही आठवड्यांत आकडे झपाट्याने चढतात. त्या काळात स्नायूंची वाढ थोडीच होते. मज्जासंस्था आहे तेच स्नायू अधिक नीट वापरायला शिकत असते. पुढे वेग मंदावतो आणि बरेच जण नेमके तेव्हाच ‘आता काही होत नाही’ म्हणून सोडतात. वहीत मागे वळून पाहता येतं म्हणून तो टप्पा मला सोपा गेला. पुश-अप्स दोन आठवडे अडकलेले दिसले, तरी त्याच पानावर स्क्वॉटचं वजन हळूहळू वर गेलेलं दिसत होतं.

आता रकान्यांबद्दल. सुरुवातीला तारीख, व्यायाम, वजन, रेप्स, विश्रांतीची मिनिटं, नाडी, झोप, शरीराचं वजन, पावलं, मूड असं बरंच काही होतं. त्यातलं टिकलं ते तारीख, व्यायाम, वजन, रेप्स, झोपेचे तास आणि ‘किती जड गेलं’ याचा आकडा. हा शेवटचा आकडा माझ्या दृष्टीने सगळ्या वहीचा प्राण आहे. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी माणसाला जाणवणारा श्रम आकड्यात सांगण्याची पद्धत तयार केली. त्यांची मूळ मोजपट्टी ६ ते २० अशी होती, पुढे ० ते १०ची आली. मी दुसरी वापरते. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारायचं, आजचं सगळं मिळून किती जड गेलं? तो आकडा गुणिले मिनिटं. ५० मिनिटांचा व्यायाम ६ वाटला तर ३००. आठवड्याची बेरीज केली की शरीरावर एकूण किती भार पडला ते एका आकड्यात दिसतं. धावणं आणि वजन उचलणं दोन्ही एकाच मापाने मोजता येतं, ही आणखी सोय.

याचा खरा उपयोग सबमिशनच्या आठवड्यात कळतो. वजन तेच, रेप्स तेच, पण आकडा ६ वरून ८ वर जातो. शेजारच्या रकान्यात पाहावं तर झोप पाच तासांच्या आसपास. शरीराला अभ्यासाचा ताण आणि व्यायामाचा ताण वेगवेगळे ठेवता येत नाहीत, हे मी कितीदा वाचलं होतं, पण स्वतःच्या अक्षरात शेजारी शेजारी लिहिलेलं पाहिल्यावर ते पटतं. म्हणून नियम केला: तोच व्यायाम लागोपाठ दोनदा दोन अंकांनी जड गेला, की त्या आठवड्यात सेट निम्मे. पाळीचे दिवसही मी समासात एका खुणेने मांडते. माझ्या बाबतीत त्याआधीचे एक-दोन दिवस सगळं थोडं जड जातं. प्रत्येकीचं वेगळं असतं, म्हणून दुसरीच्या अनुभवावरून आखणी करण्यापेक्षा आपली खूण आपण करून पाहावी.

परीक्षेसाठी वेगळा छोटा आराखडा आधीच लिहून ठेवला होता आणि त्याबद्दल मी मनापासून शिफारस करेन. वीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा, दोनच व्यायाम. ताकद कमवायला जितकं काम लागतं त्याच्या बऱ्याच कमी कामात ती टिकते. सेट कमी करायचे, ओझं हलकं करायचं नाही. हा आराखडा परीक्षेच्या आदल्या दिवशी सुचत नाही, सेमिस्टरच्या सुरुवातीला डोकं शांत असताना लिहावा लागतो. परीक्षा संपल्यावर ‘पुन्हा सुरुवात’ करण्याची वेळ माझ्यावर आली नाही ती यामुळेच.

मनगटावरचं स्मार्टवॉच काही महिने वापरून पाहिलं. हृदयाचे ठोके बघायला ते ठीक आहे, कॅलरीच्या आकड्यावर मात्र काहीही ठरवू नये. स्टॅनफर्डमधल्या २०१७च्या एका अभ्यासात मनगटावरची सात उपकरणं तपासली होती. ठोक्यांच्या बाबतीत सातपैकी सहांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती, पण खर्च झालेल्या कॅलरींच्या बाबतीत सगळ्यात अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं. रोजच्या १०,००० पावलांचं दडपणही घेऊ नये. तो आकडा १९६०च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजणाऱ्या एका यंत्राच्या (पेडोमीटरच्या) विक्रीतून रूढ झाला. चालणं चांगलंच आहे, पण ७,००० पावलं झालेला दिवस वाया गेलेला नसतो.

शरीराचं वजन रोज लिहिणं मी बंद केलं. पाणी, मीठ, पाळी यांनी ते एका-दोन दिवसांत किलोभर वरखाली होतं, आणि त्यावरून मन मात्र दिवसभर वरखाली होत राहतं. ज्यांना वजन पाहायचंच आहे त्यांनी सकाळी एकाच वेळी पाहून आठवड्याची सरासरी काढावी आणि सरासरीशीच सरासरी ताडावी.

प्रगती मोजायला मला सगळ्यात प्रामाणिक वाटलेली चाचणी म्हणजे कूपर यांची १२ मिनिटांची धाव. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी ती १९६८मध्ये मांडली. ४०० मीटरचा ट्रॅक, १२ मिनिटं, जमेल तितकं अंतर. मीटरमधल्या अंतरातून ५०४.९ वजा करून ४४.७३ने भागलं की शरीराच्या प्राणवायू वापरण्याच्या क्षमतेचा अंदाज मिळतो. माझं अंतर २,००० मीटरवरून २,२४० मीटरवर आलं, म्हणजे अंदाजे ३३ वरून ३९. हा प्रयोगशाळेतला आकडा नाही हे ध्यानात ठेवून त्याची तुलना फक्त स्वतःच्याच मागच्या आकड्याशी करते. दर सहा-सात आठवड्यांनी पुरे. त्याहून लवकर केली तर बदल दिसण्याइतका वेळच गेलेला नसतो.

उणिवाही आहेत. वही तुमची पाठ वाकली की सरळ, हे सांगत नाही. डेडलिफ्टसारखा, म्हणजे जमिनीवरचं वजन कमरेतून वाकून उचलण्याचा व्यायाम सुरू करताना जाणकार माणसाने एकदा पाहणं आवश्यक आहे, आणि नंतर मधूनमधून बाजूने व्हिडिओ काढून पाहावा. जुनी दुखापत, दमा, चक्कर किंवा छातीत दुखण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं. आणि ज्यांना खाण्याबद्दल किंवा वजनाबद्दल सतत काळजी लागून राहते, त्यांच्यासाठी जास्त नोंदी त्रासदायक ठरू शकतात. त्यांनी फक्त ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ एवढंच लिहावं. आणखी एक, गटाने व्यायाम करताना जो आपोआप हुरूप येतो तो इथे नाही. एकट्याने ट्रॅकवर उभं राहण्याचे दिवस बरेच येतात.

पुढच्या सेमिस्टरमध्ये माझी प्रॅक्टिकल्स उशिरापर्यंत आहेत, त्यामुळे ताकदीचे दिवस तीनाऐवजी दोन करते आहे आणि धावण्याचा एक दिवस सुटीच्या सकाळी नेते आहे. दोन दिवसांत रेप्स टिकतात का हे पहिल्या महिन्यात पाहायचं आहे. झोपेच्या रकान्यात तासांबरोबर झोपायला गेल्याची वेळही लिहिणार आहे, कारण सात तास झोपूनही व्यायाम जड गेलेले काही दिवस वहीत आहेत आणि त्यांचं कारण अजून हाती लागलेलं नाही.