कोथरूडमधलं वृद्धांसाठीचं क्लिनिक : बाबांच्या सगळ्या गोळ्या एकदाच कोणीतरी एकत्र बघितल्या

बाबांचं वय 79. शुगर, बीपी, किडनी जरा कमकुवत आणि गुडघे तर विचारूच नका. प्रत्येकाचे डॉक्टर वेगळे आणि सगळे चांगलेच, पण एकाने लिहिलेलं दुसरा बघतोच असं नाही, मग गोळ्यांचा डबा भरत जातो आणि माणूस मात्र दिवसेंदिवस थकलेलाच. म्हणून शेवटी जेरियाट्रिक म्हणजे वयस्कर लोकांच्या डॉक्टरांकडे नेलं.

फोनवरच सांगितलं होतं की घरात जे जे आहे ते पिशवीत भरून आणा, डोळ्याचे थेंब, चूर्ण, मेडिकलमधून परस्पर आणलेलं, सगळं. मॅडमनी सगळ्या स्ट्रिप्स टेबलावर मांडल्या आणि एकेक हातात घेऊन थेट बाबांनाच विचारलं, काका, ही कशासाठी घेता? अ‍ॅसिडिटीची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावाने चालू होती. पुढचं तर भारीच, बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन, त्याने पाय सुजले, सुजेसाठी दुसऱ्यांनी लघवीची गोळी दिली, त्यामुळे रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या आणि एकदा अंधारात पडता पडता वाचले. म्हणजे एका औषधाच्या त्रासावर दुसरं औषध! आणि बीपीचीच दुसरी गोळी टेल्मिसार्टन, शिवाय ही लघवीची गोळी आणि गुडघ्याची पेनकिलर हे त्रिकूट किडनीला किती जड जातं हे तेव्हा कळलं. पेनकिलर लगेच बंद, लावायला जेल आणि मांडीचे व्यायाम.

मला सगळ्यात आवडलं ते शुगरच्या गोळीबद्दलचं बोलणं. बाबांना ग्लिमेपिराइड चालू होती आणि पहाटे दरदरून घाम यायचा. मॅडम म्हणाल्या, दोन औषधांची समोरासमोर तुलना झालेली आहे, 2019 मध्ये कॅरोलिना नावाचा अभ्यास आला, 6,000 च्या वर पेशंट, अर्ध्यांना ग्लिमेपिराइड आणि अर्ध्यांना लिनाग्लिप्टिन. हार्ट अटॅक, स्ट्रोक दोन्हीकडे जवळपास सारखेच, पण शुगर एकदम खाली जाण्याचा त्रास ग्लिमेपिराइडवाल्यांत 37.7 टक्के लोकांना आणि दुसरीकडे 10.6. शिवाय लिनाग्लिप्टिनचा डोस किडनीसाठी कमी करावा लागत नाही. आणि हेही स्पष्ट सांगितलं की त्या अभ्यासातल्या लोकांचं सरासरी वय 64 च्या आसपास होतं, काकांसारखे पेशंट त्यात थोडेच, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, बदल करू आणि लक्ष ठेवू. इतकं मोकळेपणाने आम्हाला आजवर कोणी सांगितलं नव्हतं!

मग बाबांना विचारलं, तुम्हाला काय हवंय? बाबा म्हणाले, मला सकाळी बागेत एकट्याने जाता आलं पाहिजे. त्यावरून ठरलं की तीन महिन्यांची सरासरी शुगर (रिपोर्टमधलं HbA1c) 7 च्या खाली आणायचा हट्ट सोडायचा, 8 च्या आसपास चालेल. 2008 मध्ये अ‍ॅकॉर्ड अभ्यासात शुगर फार खाली आणायला गेले तेव्हा त्या गटात मृत्यू जास्त झाले म्हणून तो भाग मध्येच थांबवला होता, हेही सांगितलं. आता बाबांचा पहाटेचा घाम गेला, पायाची सूज उतरली, बागेत जातात. बाकीच्या डॉक्टरांना मॅडमनी स्वतः चिठ्ठी लिहून कळवलं, त्यामुळे आमची मधल्यामध्ये ओढाताण झाली नाही. कृपा करून हे वाचून घरी कोणाची गोळी बंद करू नका, आमचंही एकेक करून, रिपोर्ट बघत बघत झालंय.

तक्रारी आहेतच. फी जास्त आहे, अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही आणि बाहेर बसायच्या खुर्च्या इतक्या खोल की गुडघेवाल्यांना उठवत नाही, निदान या क्लिनिकने तरी हे बघायला हवं. पण पाऊण तास नीट ऐकून घेतात, आम्हाला तरी पैसे वसूल वाटले. जाताना वर्षभराचे क्रिएटिनिनचे (किडनीच्या रक्ततपासणीचे) रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या आणि पेशंटला सोबत न्याच, नुसत्या फायली त्या बघत नाहीत.