तुरीच्या कंपनीला दुधाची नियमावली: अमरावतीच्या एका कंपनी सचिव कार्यालयाचा अनुभव

दारव्हा तालुक्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे ३१२ सभासद आहेत आणि कंपनी त्यांची तूर व सोयाबीन एकत्र करून विकते. गोदामाच्या कर्जासाठी बँकेने यंदा मेमोरँडम आणि आर्टिकल्स, म्हणजे कंपनीचे उद्देश सांगणारा दस्तऐवज आणि तिची नियमावली, यांच्या प्रमाणित प्रती मागितल्या, तेव्हा आमच्याकडे भिंतीवर लावलेल्या नोंदणी प्रमाणपत्राखेरीज काहीही नव्हते. चार वर्षांपूर्वी ज्या सल्लागाराने नोंदणी करून दिली होती, त्याने बाकीचे कागद कधी हाती दिले नाहीत. अध्यक्षांच्या डिजिटल सहीचे टोकन, म्हणजे ऑनलाइन सही करण्याचे पेनड्राइव्हसारखे उपकरण, त्याच्याकडेच राहिले आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर ईमेलही त्याचाच नोंदलेला होता. शेवटी आम्ही तिघे संचालक नेरमार्गे अमरावतीला गेलो आणि एका कंपनी सचिवाच्या, म्हणजे कंपनी कायद्याची कामे करणाऱ्या व्यावसायिकाच्या, कार्यालयाकडे हे काम सोपवले.

पहिल्याच भेटीत त्या सचिव मॅडमनी आमच्यासमोर पोर्टलवर १०० रुपये शुल्क भरून आमच्या कंपनीची सर्व दाखल कागदपत्रे उघडून दाखवली. सभासद असो वा नसो, कोणालाही हे शुल्क भरून कोणत्याही कंपनीचे सार्वजनिक दस्तऐवज पाहता येतात, हे आम्हाला चार वर्षांत कोणी सांगितले नव्हते. बँकेला लागणाऱ्या प्रमाणित प्रतीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याचे शुल्क पानामागे २५ रुपये आहे. तो अर्जही त्यांनी त्याच दिवशी केला.

मात्र या कार्यालयाचे खरे मोल त्यापुढच्या दीड तासात कळले. मॅडमनी इंग्रजी नियमावलीचे एकेक कलम वाचून मराठीत समजावून सांगितले, आणि ‘सक्रिय सभासद’ या व्याख्येपाशी त्या थांबल्या. तेथे लिहिले होते, की वर्षातून किमान २०० दिवस संकलन केंद्रावर दूध घालणारा उत्पादक हाच सक्रिय सभासद होय. एखाद्या दूध उत्पादक कंपनीची नियमावली फक्त नाव बदलून आमच्या नावे दाखल झाली होती! सोबत आलेले आमचे ज्येष्ठ संचालक म्हणाले, “मॅडम, आमी त तूर मोजून देतो, दुधाचं इथं काय काम हाय?” प्रश्न अगदी योग्य होता. सभासदाने कंपनीला किती माल, किती काळ द्यावा म्हणजे तो सक्रिय ठरेल, हे कायदा स्वतः ठरवत नाही, ते नियमावलीवर सोपवतो; आणि नियमावलीत तशी तरतूद असेल तर मतदानाचा हक्कही केवळ सक्रिय सभासदांपुरता ठेवता येतो. आमच्या नियमावलीत ती तरतूद नव्हती, म्हणून आमचे मत तरी वाचले. असती, तर कागदोपत्री आमच्यापैकी एकालाही मत उरले नसते.

दुरुस्तीचे काम त्यांनी शिस्तीने केले. उत्पादक कंपनीत नियमावलीतील बदल निवडून आलेल्या किमान दोन तृतीयांश संचालकांनी किंवा एक तृतीयांश सभासदांनी सुचवावा लागतो आणि तो सर्वसाधारण सभेत विशेष ठरावाने मंजूर व्हावा लागतो, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने पडावी लागतात. सभेची सूचना १४ दिवस आधी द्यायची आणि ठरावाचा मसुदा त्या सूचनेसोबतच पाठवायचा असतो. गणपूर्तीला, म्हणजे सभा वैध ठरण्यासाठी, एक चतुर्थांश, म्हणजे ७८ सभासद पुरेसे होते. सोयाबीनची मळणी आटोपल्यावर तारीख धरली, त्यामुळे प्रत्यक्षात १९४ आले. दोन संचालकांनी प्रमाणित केलेली सुधारित प्रत ठरावासह ३० दिवसांच्या आत कंपनी निबंधकांकडे, म्हणजे कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, दाखल करायची असते. ती अकराव्या दिवशी दाखल झाली. नवे टोकन अध्यक्षांच्या हाती दिले गेले आणि पोर्टलवर आता कंपनीचा स्वतःचा ईमेल आहे.

उणिवाही सांगणे आवश्यक आहे. नियमावलीचा लेखी मराठी गोषवारा मूळ शुल्कात धरलेला नव्हता. आम्ही आग्रह धरल्यावर तो मिळाला, पण त्याचे पैसे वेगळे द्यावे लागले. ज्या सभासदांसाठी ही नियमावली आहे त्यांच्यातील बहुतेकांना इंग्रजी वाचता येत नाही, तेव्हा हा गोषवारा मुख्य कामाचाच भाग असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. शुल्काचे लेखी अंदाजपत्रकही दुसऱ्या भेटीत मागावे लागले. रविवारी कार्यालय बंद असते, आणि आमच्या संचालकांपैकी दोघे नोकरदार असल्यामुळे त्यांना सह्यांसाठी दोनदा रजा टाकावी लागली.

तरीही पाचपैकी चार गुण मी निःसंकोच देईन. ज्यांची कंपनी अजून नोंदवायची आहे, त्यांनी अर्ज दाखल होण्यापूर्वी नियमावलीचा मसुदा मागून घ्यावा आणि ‘सक्रिय सभासद’ व मतदान ही दोन कलमे गावात बसून मोठ्याने वाचून घ्यावीत. नोंदणी आधीच झालेली असेल, तर सभासदाने लेखी मागणी करून ठरलेले शुल्क भरल्यावर सात दिवसांत नियमावलीची प्रत देणे कंपनीवर बंधनकारक आहे. आमच्याकडे आतापर्यंत नऊ सभासदांनी अशी मागणी केली असून, दिलेल्या प्रत्येक प्रतीची नोंद वहीत सहीसह ठेवली आहे.