ड्युरम पेन्ने आणि खपली पास्ता दोन्ही आणले, कोणता घ्यायचा ते सांगते

पास्ता घ्यायला गेलं की हल्ली डोकं फिरतं. मैद्याची मॅकरोनी, ड्युरमचा, होल व्हीट, मल्टिग्रेन, आणि आता खपलीचा पण आलाय, आणि हेल्दी तर सगळ्यांवरच लिहिलेलं असतं. मी दोन घेतले, इटलीहून येणारा ड्युरम रव्याचा पेन्ने (तिरक्या कापलेल्या नळ्यांचा पास्ता) आणि ऑनलाइन मागवलेला खपली गव्हाचा. नावं मुद्दाम लिहीत नाहीये, कारण तसा पेन्ने तीन-चार कंपन्यांचा मिळतो आणि खपलीवाल्यांबद्दल काही फार गोड लिहायचं नाहीये.

आधी पेन्ने. मागे साहित्यात एकच ओळ, ड्युरम व्हीट सेमोलिना, म्हणजे रवा, बास. ड्युरम म्हणजे आपला बन्सी गहू, तेव्हा परकं काही नाही. प्रोटीन १०० ग्रॅमला १२-१३ ग्रॅम, जे बरंय. इटलीत तिथेच विकायला बनवलेला सुका पास्ता ड्युरमचाच हवा असा तिकडे १९६७ पासून नियम आहे, पण आपल्याकडे येणारं पाकीट मागून वाचूनच घ्या, पुढच्या फोटोवर जाऊ नका.

शिजतो मस्त. लिटरभर पाण्याला १०० ग्रॅम पास्ता, मीठ, पाणी खळखळ उकळलं की टाकायचा, आणि पाण्यात तेल अजिबात नको, नंतर सॉस धरत नाही त्याच्यावर. पाकिटावर ११ मिनिटं लिहिलंय, मी नऊ झाली की एक काढून दाताने तोडून बघते, जाडीच्या मधोमध बारीक पांढरी रेघ दिसली की गॅस बंद, कारण पुढे कढईत तो शिजतोच अजून.

आता कॅलरीज. कच्च्या पास्त्याच्या १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, ड्युरम घ्या नाहीतर होल व्हीट घ्या, फार फरक नाही! होल व्हीटमध्ये फायबर दुपटीहून जास्त असतं, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, तो फायदा खरा, पण कॅलरी कमी होतील म्हणून जास्त पैसे देत असाल तर नका देऊ. खरी गडबड व्हाइट सॉसची. एक मोठा चमचा बटर म्हणजेच शंभर कॅलरी, मग मैदा, दूध, आणि वर मुलं चीज किसायला बसली की हिशोब सोडूनच द्या.

म्हणून मी आता पास्ता जेवण म्हणून करतच नाही, तोंडी लावणं म्हणून करते. इटलीत सुद्धा मेन डिशच्या आधी साधारण ८० ग्रॅमचा वाढतात म्हणे, पण माझ्या कामाला माणशी ३० ग्रॅम पुरतो, काट्यावर मोजून, आणि त्याच्या दुप्पट भाजी. सोबत ऑम्लेट, पनीर किंवा तव्यावरचा मासा, म्हणजे ते मुख्य आणि पास्ता बाजूला.

सगळ्यात जास्त होणारा प्रकार म्हणजे मुळ्याच्या पाल्याचा. दक्षिण इटलीत पुलियाकडे सलगमच्या कोवळ्या पाल्यात पास्ता करतात, त्यावरूनच. पास्ता व्हायला दोन-तीन मिनिटं राहिली की चिरलेला पाला त्याच पाण्यात टाकायचा, म्हणजे दुसरं भांडं पण नाही. निथळायच्या आधी वाटीभर पाणी काढून ठेवायचं, हे विसरू नका, सगळा खेळ त्या गढूळ पाण्याचा आहे. कढईत दोघांना मिळून दोन छोटे चमचे तेल, लसणाचे पातळ काप मंद गॅसवर, सुकी मिरची चुरडून, लसूण कडेने सोनेरी झाला की पास्ता आणि पाला, मग ते पाणी थोडं थोडं घालत मोठ्या गॅसवर कढई हलवत राहायचं, तेल आणि पाणी मिळून येतं आणि पास्त्याला चकचकीत कोट बसतो, क्रीम नसूनही. वरून लिंबू, मिरपूड. माणशी दीडशे-पावणेदोनशे कॅलरी होतात फारतर.

उरलेला उकडलेला पास्ता दुसऱ्या दिवशी कोशिंबिरीत. काकडी, गाजर, घट्ट दही, थोडी मोहरी फेसून, कोथिंबीर. दही आयत्या वेळी घाला नाहीतर पास्ता सगळं पिऊन टाकतो. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, आता विचारतात परत कधी.

खपलीचा पास्ता... गहू म्हणून खपली मला प्रचंड आवडते, तिची खीर तर विचारूच नका. पण या पाकिटातला पास्ता उकळताना कडेने झिजायला लागला, पाण्याची खळ झाली, आणि कढईत हलवला की तुकडे. खपलीच्या ग्लूटेनला ड्युरमसारखी ताकद नसते, त्यामुळे हे होणारच असं वाटतं, पण मग पाकिटावर तसं लिहा ना, 'पर्फेक्ट अल देन्ते' (दाताला किंचित कडक लागेल असा शिजलेला) कशाला छापता? शिवाय ड्युरमपेक्षा महाग. चव मात्र छान खमंग आहे, हे मान्य. उरलेला मी टोमॅटोच्या सुपात शेवटी टाकून संपवतेय, तिथे तुटला तरी कोण बघतंय.

पेन्नेला साडेचार स्टार, अर्धा कापला तो किमतीपायी, तरी ऑफर लागली की दोन पाकिटं उचलते, सुकी वस्तू आहे, टिकते. खपलीला दोन, तेही चवीचे. आणि ज्यांना बजेट बघायचंय त्यांनी आपल्याकडचा ड्युरमवाला घ्या, फक्त मागे मैदा नाही ना तेवढं बघा, आणि एक मिनिट आधीच उतरवा.